प्रस्तावना कोणाची?

मराठीच्या शिक्षकाला पाठ टाचणात जी घरे भरावी लागतात त्यांत 'प्रस्तावना' हे घर सर्वांत आधी येते आणि बहुधा सर्वांत कमी विचाराने भरले जाते. सातवी-आठवीच्या, म्हणजे बारा ते चौदा वर्षांच्या मुलांपुढे एखादा उतारा ठेवण्यापूर्वी पहिली काही मिनिटे शिक्षकाने काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ भासतो; परंतु ते मूल उताऱ्याकडे आपल्या जिज्ञासेने जाणार की केवळ हुकमाची तामिली म्हणून जाणार, याचा निकाल त्या मिनिटांतच लागत असल्यामुळे, या एका बाबीवर दोन प्रामाणिक शिक्षकांत तीव्र मतभेद व्हावा यात मला नवल वाटत नाही. मुंबईच्या उपनगरांत, अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, शिक्षकांच्या खोलीत हे दोन्ही पक्ष मांडले जातात. पुढील संवादात पहिला पक्ष मुलुंडच्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापकांच्या मुखी घातला आहे आणि दुसरा घाटकोपरला आठवीच्या वर्गाला मराठी शिकवणाऱ्या बाईंच्या. व्यक्ती कल्पित आहेत. युक्तिवाद मी कल्पिलेले नाहीत.

विषय हवेत राहू नये म्हणून दोघांच्या पुढ्यात एकच उतारा आहे: विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या ग्रंथातील परतीच्या वाटेचा. पेणजवळच्या वरसई गावचा हा भिक्षुक, घरचे ऋण फिटावे म्हणून, बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाला आणि १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत सापडला. झाशीचा वेढा त्याने शहरात राहून पाहिला. पुढे १८८३ साली चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून त्याने ती हकीकत लिहिली आणि १९०७ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

सर : बाई, तुमचे टाचण वाचले. उतारा उत्तम निवडला आहे. इतका डोळस आणि निर्व्याज निवेदक आपल्या भाषेत सहसा मिळत नाही. परंतु ३५ मिनिटांच्या तासात, हजेरी आणि वह्यांची देवघेव यांत पाच मिनिटे खर्ची पडल्यावर, उरलेल्या तिसांतली दहा तुम्ही प्रस्तावनेच्या नावे लिहिली आहेत, हे मला पटत नाही. लेखक आणि मूल यांच्यामध्ये आपण इतका वेळ का उभे राहावे? पुस्तक उघडावे आणि शिक्षकाने पहिला परिच्छेद स्वच्छ, सावकाश, अर्थाचा चढउतार सांभाळीत वाचावा. चांगल्या आदर्श वाचनाहून निराळी प्रस्तावना लागते असा अनुभव मला माझ्या नोकरीत आला नाही.

बाई : आदर्श वाचनाचे महत्त्व मला मान्य आहे, सर, पण ते ऐकणारे मूल कोण आहे हेही पाहिले पाहिजे. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी गुजराती किंवा हिंदी बोलतात, आणि ज्यांच्या घरी मराठी बोलतात त्यांच्याही घरात दक्षिणा, कावड, पायी केलेली काशीयात्रा या गोष्टी आता नांदत नाहीत. क्रिकेटच्या सामन्यावरचा उतारा दिला तर वाचनात सर्वांत मागे असलेला मुलगाही त्यातली खोच पकडतो. भातशेतीवरचा दिला तर राब, आवण, चिखलणी या पहिल्या तीन ओळींतच वर्गातली हुशार मुलगीसुद्धा थांबते. १९८८ साली अमेरिकेत सातवी-आठवीच्याच मुलांवर एक प्रयोग झाला होता. बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचून कोणाला किती समजले हे पाहिले, तेव्हा वाचनात कच्ची पण त्या खेळाची जाणकार असलेली मुले, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. पूर्वज्ञान नसेल तर तुमचा गोड आवाज त्यांना कोठवर नेणार?

सर : पूर्वज्ञान हवे, हे मी कधीच अमान्य केले नाही. पण ते दहा मिनिटांत देता येते काय? बेसबॉल जाणणाऱ्या मुलांनी तो खेळ वर्षानुवर्षे पाहिला-खेळला होता. कोणी बाईंनी तासाच्या आरंभी समजावून दिला नव्हता. तुम्ही प्रयोगांचे दाखले देता, तर मीही एक देतो. १९७२ साली ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक परिच्छेद लोकांना ऐकवला. वस्तूंचे निरनिराळे ढीग करावेत, एका वेळी फार घेऊ नयेत, अशा धाटणीची त्यातली वाक्ये एकेकटी सोपी होती, पण मिळून कशाविषयी आहेत ते उमगत नव्हते. विषय कपडे धुण्याचा होता. हे ज्यांना आधी सांगितले त्यांना परिच्छेद कळला आणि पुष्कळ आठवलाही. ज्यांना ऐकून झाल्यावर सांगितले त्यांना त्याचा काही लाभ झाला नाही.

बाई : मग हा दाखला माझ्याच बाजूचा झाला. आधी सांगितले पाहिजे.

सर : आधी सांगितले पाहिजे, पण किती? दोन शब्द. नुसते शीर्षक. त्यासाठी दहा मिनिटे लागली नाहीत.

सरांचे हे उत्तर केवळ वादापुरते नाही. आकलनाला आधाराची गरज असते हे सिद्ध झाले म्हणून आधार जितका मोठा तितके आकलन अधिक, असे अनुमान निघत नाही. आणि आपल्या प्रशिक्षण महाविद्यालयांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या वहिवाटीने नेमके हेच अनुमान काढले, असे माझे मत आहे. ज्या जर्मन तत्त्वज्ञाच्या नावावर पंचपदी, म्हणजे प्रस्तावनेपासून सुरू होणारी पाठाच्या पाच पायऱ्यांची मांडणी, रूढ आहे त्या हर्बार्टने (१७७६–१८४१) स्वतः चारच पायऱ्या सांगितल्या होत्या. त्यांच्या पाच करून त्यांना पाठाच्या साच्याचे स्वरूप दिले ते पुढे झिलर आणि राईन या त्याच्या अनुयायांनी. मुलाच्या मनात आधी जे आहे त्याच्याशी नवे जुळले पाहिजे, हा हर्बार्टचा विचार थोर होता. साच्यात उतरताना त्यातला विचार गळाला आणि टाचणातले घर उरले.

सर : त्या घरापायी काय होते ते मी सराव-पाठांच्या वेळी वर्गाच्या मागच्या बाकावर बसून पुष्कळ पाहिले आहे. 'गावाला जाताना तुम्ही कशाने जाता?' 'रेल्वेने.' 'पूर्वी रेल्वे नव्हती तेव्हा लोक कसे जात?' 'पायी.' 'पायी जाण्याला काय म्हणतात?' येथे वर्ग गप्प. कोणी 'चालणे' म्हणतो, कोणी 'वारी' म्हणतो, आणि अपेक्षित शब्द कोणाच्याच तोंडून येत नाही असे पाहून शिक्षक स्वतःच म्हणतात, 'तर आज आपण माझा प्रवास हा पाठ अभ्यासणार आहोत.' ज्याचे उत्तर विचारणाराला ठाऊक आहे आणि ऐकणाराला नको आहे, अशा प्रश्नांची ही माळ तेरा वर्षांचे मूल तत्काळ ओळखते. त्या क्षणी ते मनातून वर्गाबाहेर जाते.

बाई : त्या पद्धतीचा कैवार मी घेणार नाही. पण वाईट प्रस्तावना दाखवून प्रस्तावनाच रद्द करणे हाही न्याय नव्हे. आपल्या परंपरेत कीर्तनाला पूर्वरंग असतोच की! आख्यान लावण्यापूर्वी श्रोत्यांचे चित्त एका ठिकाणी आणल्यावाचून कोणताही बुवा उत्तररंगाकडे वळत नाही.

सर : दाखला चांगला काढलात, तोच पुढे नेऊ. पूर्वरंगाच्या आरंभी कीर्तनकार काय करतो? अभंग म्हणतो. संतवचन आधी श्रोत्यांच्या कानी पडते आणि मग त्याचे निरूपण होते. 'मी आता कोणता अभंग घेणार आहे ते ओळखा,' असे कोणी बुवा विचारीत नाहीत. पूर्वरंगातसुद्धा मूळ वचन पुढे आणि बुवा त्याच्या मागे.

बाई : मान्य. मग मी काय करणार आहे ते ऐका, आणि मी पुढे उभी आहे की मागे, ते तुम्हीच सांगा. पुस्तके मिटलेली असतील. फळ्यावर मी एवढेच लिहीन: घरचे कर्ज फेडण्यासाठी धन मिळवायला एक माणूस घर सोडून दूर उत्तरेला गेला, तेथे युद्ध पेटले, वाटेत तो लुटला गेला, शेवटी घरी परतला तेव्हा त्याने आईवडिलांसाठी काय आणले असेल? प्रत्येकाने वहीत एका ओळीत आपले उत्तर लिहायचे. कोणी मोठ्याने सांगायचे नाही. मग पुस्तक उघडायचे.

सर : सांगायचे का नाही?

बाई : या वयामुळे. आठवीतल्या मुलाचा आवाज फुटत असतो. त्याला उभे करून बोलायला लावले तर त्याचे सारे लक्ष आपल्या आवाजाकडे आणि मागच्या बाकावरच्या हसण्याकडे जाते. मुलींना चुकीचे बोलल्याची लाज असते. पाचवीचा वर्ग प्रश्न विचारताच हात वर करतो, आठवीचा करीत नाही. तो निर्बुद्ध झालेला नसतो. चारचौघांत चुकण्याची किंमत त्याला कळू लागलेली असते. वहीत लिहिलेला अंदाज त्याचा स्वतःचा राहतो. उताऱ्याच्या शेवटी तो खरा ठरो की खोटा, ते त्याचे त्याला समजते आणि मधल्या काळात तो वाचत राहतो, कारण आता त्या उताऱ्यात त्याचे स्वतःचे काहीतरी गुंतलेले असते.

येथे सर काही वेळ बोलले नाहीत, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही बोललो नसतो. या प्रश्नात उताऱ्याचे सार नाही, लेखकाची स्तुती नाही, मुलाच्या दैनंदिन जीवनाशी बळेच जोडलेला धागाही नाही. आणि त्याचे उत्तर शिक्षकाच्या चेहऱ्यावर शोधून मिळण्यासारखे नाही, ते विष्णुभटजींनाच विचारावे लागते. त्यांनी आणले ते गंगाजल. कावडीतून खांद्यावर वाहून आणलेल्या त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. कर्जाच्या विवंचनेतून निघालेल्या माणसाची ही परत येण्याची रीत तेरा वर्षांच्या मुलाला आधी सांगून टाकणे म्हणजे त्याचा एक हक्क हिरावून घेणे आहे, असे मला वाटते. पाठ्यपुस्तकांत धड्याच्या डोक्यावर चौकटीत जो मजकूर छापतात, ज्यात लेखकपरिचयाबरोबर धड्याचे मर्मही दोन वाक्यांत सांगून टाकलेले असते, त्याविषयीही माझी हीच तक्रार आहे.

बाई : त्या चौकटीवर मी मुलांना कोरा कागद ठेवायला लावते. धडा संपला की कागद काढायचा आणि चौकटीत लिहिलेले पटते का ते पाहायचे.

सर : हे करा, अवश्य करा. पण मग टाचणात पुढे जे लिहिले आहे ते विसंगत आहे. 'कठीण शब्द: दक्षिणा, यज्ञ, कावड. कावडीचे चित्र फळ्यावर काढणे.' ज्या क्षणी तुम्ही कावड काढाल, दोन बाजूंना पाण्याची भांडी लोंबती दाखवाल, त्या क्षणी पुढच्या बाकावरची मुलगी वहीत 'पाणी' असे लिहील. तुमचा प्रश्न तुम्हीच उधळून लावला.

बाई : खरे आहे. पण कावड ठाऊक नसेल तर तो शब्द येईल तेव्हा मूल अडेल, आणि अडले की पुढचे सगळेच व्यर्थ.

सर : अडू द्या. तेथेच थांबा, वळा, चित्र काढा. शब्दाची गरज मुलाला भासली की मगच शब्द द्यावा. 'दक्षिणा' आधी द्या, कारण तिच्यावाचून माणूस घराबाहेर का पडला हेच कळत नाही. बाकीचे त्या त्या ओळीवर. कठीण शब्दांची यादी तासाच्या आरंभी फळ्यावर लिहिली की तो वाचनाचा तास राहत नाही, शब्दार्थांचा होतो.

बाई : ही दुरुस्ती मी करते. आता माझी एक शंका. बोरिवलीच्या शाळेतल्या माझ्या मैत्रिणीने कान्हेरीच्या लेण्यांवरचा उतारा घेतला होता. मुले तेथे सहलीला जाऊन आलेली. शंभराहून अधिक लेणी, दगडात कोरलेली पाण्याची टाकी, सगळे पाहिलेले. तिने विचारले, 'कान्हेरीला काय पाहिलेत?' वर्ग एकदम जागा झाला. पण राष्ट्रीय उद्यानातल्या बिबट्याच्या गोष्टी सुरू झाल्या त्या थांबेनात, आणि उतारा उघडला तेव्हा तास संपायला आला होता. मुलांचा अनुभव जागवावा असे आपण म्हणतो. येथे तो जागा झाला आणि त्यानेच उताऱ्याची वाट अडवली.

सर : प्रश्न सैल होता म्हणून. 'काय पाहिलेत' या प्रश्नात बिबट्या, माकडे, डबे, सगळे मावते. तिने असे विचारायला हवे होते: पाऊस गेल्यावर उरलेले आठ महिने त्या डोंगरावर राहणाऱ्या भिक्षूंना पाणी कोठून मिळत असेल? टाकी पाहिलेली मुले लगेच आठवू लागतील, न पाहिलेली तर्क करतील, आणि दोघांनाही उतारा उघडावा लागेल. उताऱ्याचा मजकूर ठरवल्यावाचून प्रस्तावना ठरवता येत नाही. आधी प्रस्तावना सुचली आणि मग तिला साजेसा उतारा बसवला, की असे घडते.

बाई : म्हणजे प्रश्न विचारायला तुमची हरकत नाही, सर. आरंभी तुम्ही तर नुसते वाचनच हवे म्हणत होता.

सर : अजूनही म्हणतो, आणि त्याचे कारण आतापर्यंत सांगितले नाही. दहावीच्या परीक्षेत मुलापुढे कृतिपत्रिका येते आणि तीत एक अपठित उतारा असतो. त्या दालनात बाई नसतात. फळ्यावर कोणी प्रश्न लिहिलेला नसतो. परीक्षेचे तरी सोडा. पुढे त्याला बँकेचा अर्ज, गृहनिर्माण संस्थेची नोटीस, वर्तमानपत्रातला अग्रलेख, कोर्टाचा कागद वाचायचा आहे, आणि त्यांतल्या कशालाही प्रस्तावना नसणार. जो मुलगा शाळेची दहा वर्षे दुसऱ्याने पेटवलेल्या जिज्ञासेवर वाचत आला, तो एकटा पडल्यावर पहिल्या ओळीपाशीच बसून राहील. म्हणून मी म्हणतो, सवय नको.

मला विचाराल तर या वादाचा खरा गाभा सरांच्या या बोलण्यात आहे, आणि आश्चर्य असे की त्याचा उपयोग सरांपेक्षा बाईंनाच अधिक झाला.

बाई : सवय नको, हे पटते. पण प्रस्तावना काढून घेतल्याने मूल स्वतः प्रस्तावना करायला शिकत नाही. ते फक्त तिच्यावाचून राहते. जी मुले पुस्तकांच्या घरातून येतात ती शीर्षक पाहून मनात प्रश्न करतात. त्यांना कोणी शिकवलेले नसते, घरात ऐकून येते. माझ्या वर्गात अशी मुले थोडी. बाकीच्यांना ही क्रिया कोणीतरी करून दाखवली पाहिजे आणि मग त्यांच्या हाती सोपवली पाहिजे. पॅलिंकसार आणि ब्राउन या दोघींनी १९८४ साली जी पद्धत मांडली ती सातवीच्याच, आकलनात मागे पडलेल्या मुलांबरोबर. पुढे काय येईल याचा अंदाज करणे, प्रश्न विचारणे, अडलेले उलगडणे आणि सार सांगणे, ही चार कामे आधी शिक्षकाने करून दाखवायची आणि मग पाळीपाळीने मुलांनी शिक्षकाच्या जागी बसून करायची. मीही तेच करू पाहते. पहिल्या सत्रात फळ्यावरचा प्रश्न माझा. दिवाळीनंतर चार-चार मुलांचा गट, त्यांना उताऱ्याचे फक्त शीर्षक आणि पहिला परिच्छेद, आणि वर्गासाठी प्रश्न तयार करण्याचे काम त्यांचे.

सर : गट पहिला परिच्छेद वाचतो कसा?

बाई : मूक वाचन. पाच मिनिटे.

सर : तेथे मला आदर्श वाचन हवे. प्रश्न मुलांचा असू द्या, पण पहिला परिच्छेद तुमच्या आवाजात त्यांच्या कानी जाऊ द्या. ज्यांच्या घरात मराठी ग्रंथभाषा ऐकू येत नाही असे तुम्हीच म्हणालात, त्यांना विष्णुभटजींच्या वाक्याची लय कागदावरून एकट्याने कशी सापडेल? वाक्य कोठे विसावते, कर्ता एका टोकाला आणि क्रियापद दुसऱ्या टोकाला असताना मधला मजकूर कसा पेलायचा, हे ऐकूनच कळते. गिजुभाई बधेका यांच्या 'दिवास्वप्न'मधला मास्तर बेशिस्त वर्गाला आधी गोष्टच ऐकवतो, आणि पुस्तके मुलांच्या हाती येतात ती मागाहून. तुमच्या घाटकोपरच्या गुजराती पालकांना तो दाखला आपलाच वाटेल.

बाई : पहिला परिच्छेद मी वाचीन. तेवढे कबूल. पुढचा मात्र मूकच.

सर : ठीक. आता दिवाळीपर्यंत थांबण्याचे कारण सांगा. जूनमध्येच का नको?

बाई : जूनमध्ये गटांकडून येणारे प्रश्न मी पाहिले आहेत. 'लेखकाचे नाव काय?' 'ते कोणत्या गावी गेले?' उत्तर जेथे डोळ्यांपुढे छापलेले असते तेच ते विचारतात, कारण पाचवीपासून त्यांना विचारले गेलेले प्रश्न याच जातीचे होते. वाचल्यावाचून ज्याचे उत्तर सुचणार नाही आणि वाचल्यावर ज्याचे उत्तर एका शब्दात संपणार नाही, असा प्रश्न त्यांनी पुष्कळदा ऐकायला हवा. मला पूर्ण सत्र लागेल.

सर : सत्र नव्हे. सहा उतारे घ्या. सातव्या उताऱ्यावर प्रश्न त्यांचा, मग तो कसाही निघो. वाईट प्रश्न निघाला तर उतारा वाचून झाल्यावर त्यांनाच विचारा की या प्रश्नाने वाचायला मदत झाली का. दुसऱ्या खेपेस तो बदललेला असेल.

बाई : हे शेवटचे मी घेते, वाईट प्रश्नाची तपासणी मुलांकडूनच करवून घ्यायची, हे मला सुचले नव्हते. सहा उतारे मात्र दोन-तीन गटांनाच पुरतील. उरलेल्यांबरोबर मला दहाव्या-बाराव्या उताऱ्यापर्यंत बसावे लागेल, आणि तेवढी मुभा टाचण तपासताना मला मिळाली पाहिजे.